उतार

बोट लावू नकोस पोरा, थापीवरून उचल.
हे कोवळं. चार आठवड्यांचं.
याला अजून काही म्हणायचंच नाहीये,
शाळेच्या डब्यातलं चीज हे.
पावावर घाल, सायकलवर टांग टाक,
कालव्याचा पूल ओलांडेपर्यंत संपव.

हे मे महिन्यातलं.
हिवाळाभर गोठ्यात कोंडलेल्या गायी
कुरणात सोडल्या की पहिल्या आठवड्याचं दूध.
पाहिल्यास कधी? म्हाताऱ्या गायीसुद्धा उधळतात,
कास हिंदकळत, मागचे पाय आभाळात.
ते सगळं यात उतरतं.
मी विकते म्हणून नाही सांगत.
बरं, विकते म्हणूनही सांगते.

जिऱ्याचं? हे लायडनकडचं,
सालीवर किल्ल्यांचा छाप.
कोरडं आणि हट्टी.
याला तिखट मोहरी लागते,
आणि समोर भांडायला कुणीतरी.

लवंगेचं फ्रिसलंडहून येतं.
पहिल्या घासाला वाटेल, दातांच्या डॉक्टरकडे आलो.
दुसरा घास घे, मग बोल.
काळ्या रायच्या पावावर,
खाली सफरचंदाची काकवी, पुसटशी,
आणि खिडकीबाहेर पाऊस तिरपा हवा.
तो काय, इथे मिळतोच.

जुनं म्हणतोस? दोन वर्षांचं?
मग आधी ऐकून घे.
खायच्या तासभर आधी बाहेर काढून ठेव.
गारठलेलं चीज तोंड उघडत नाही,
आमच्या वूर्डनच्या माणसांसारखं.
याला थापी लावायची नाही.
सुरीचं टोक खुपस, पीळ,
तुटेल तसं तुटू दे.
दाताखाली कचकन काहीतरी येईल.
मीठ नाही ते. वय आहे.

थापी फक्त कोवळ्याला,
या काठापासून त्या काठापर्यंत, सपाट.
मधोमध ओरबाडायचं नाही.
आमचा क्रेलिस एकतीस वर्षं मधोमधच ओरबाडायचा.
सकाळी झाकण काढावं
तर ठोकळ्याला हा एवढा उतार!
मी म्हणायचे, अरे माणसा,
या अख्ख्या मुलखात धड एक टेकडी नाही,
समुद्राच्याही खाली राहतो आपण, परातीसारख्या सपाट जागेत,
आणि तुझ्या न्याहरीत डोंगर?
तो म्हणायचा, म्हणूनच.

मग मी वर आलेल्या कडा तासायचे,
ठोकळा सरळ करायचे
आणि त्या कडा ओट्याशी उभ्या उभ्या खाऊन टाकायचे,
रागारागाने.
तीच माझी न्याहरी होती,
हे फार उशिरा ध्यानात आलं.

आता ठोकळा सपाट असतो.
पहिल्या दिवशी सपाट, शेवटच्या दिवशी सपाट.
टेबलावर वीट ठेवल्यासारखा.
तासायला काही उरत नाही,
म्हणून सकाळी नुसती कॉफी घेते.

असू दे. किती देऊ? अर्धा किलो?
कुणासाठी?
सासऱ्यांसाठी. बोलत नाहीत तुझ्याशी?
मग जुनंच ने.
आणि तू तोडू नकोस, सुरी त्यांच्या हातात दे.
वेडावाकडा तुकडा पडला की माणूस
काहीतरी बोलतोच, निदान सुरीला शिव्या घालतो.
तिथून पुढे तुझं नशीब.

कागदातच राहू दे, प्लास्टिकमध्ये घुसमटतं.
हा कोवळ्याचा तुकडाही घे.
पैसे नकोत त्याचे,
मधे खोलगट झालाय बघ, कोण घेणार विकत.
मघाशी तुला चाखायला कापताना
हात घसरला माझा.

हं, पुढचं कोण?