उतारावरची राख

इथे हिवाळ्यात सकाळ झाली
हे घड्याळ सांगतं, आकाश सांगत नाही.
साडेसातला मी फाटक उघडते
तेव्हा हातभर अंतरावरचं कुलूपसुद्धा
बोटांनीच शोधावं लागतं, इतका धूर.

उलानबातरच्या उत्तरेला टेकडीच्या पाठीवर
नमद्याची गोल घरं एकमेकांना रेटत वर चढली,
पाण्याचा नळ मात्र चढला नाही.
त्या घरांच्याही वर आमची शाळा.
खालच्या रस्त्यापासून फाटकापर्यंत
एकशे चाळीस पावलांचा उतार.
पाण्याच्या टपरीवरून हातगाड्या ढकलत नेताना
प्रत्येक कॅनमधलं थोडं थोडं हिंदकळतं,
ते नोव्हेंबरात गोठतं
आणि एप्रिलपर्यंत कुणाचं ऐकत नाही.

मागच्या वर्षी तिसरीतला सोदबिलेग तिथे आपटला.
मनगट मोडलं.
त्याच्या आईनं तक्रार केली नाही.
म्हणाली, माझ्याच कॅनचं पाणी असेल.

कचेरीचं उत्तर आलं:
मिठाची गाडी एवढा चढ चढू शकत नाही.
शिक्का मात्र छान उमटला होता.

मग एके दिवशी म्हातारी त्सेवेलमा
आपल्या शेगडीतली राखेची बादली घेऊन आली,
उतारावर उपडी केली, आणि निघून गेली.
बोलली काही नाही. ती कुणाशीच बोलत नाही.
दुसऱ्या दिवशी सात बादल्या.
आठवड्यात भांडण, की मंगळवार कुणाचा.
तेव्हा मी फाटकाच्या आतल्या बाजूला
खडूनं नावं लिहिली, वारांप्रमाणे,
आणि एक नाव गाळल्याबद्दल
चार दिवस बोलणी खाल्ली.

लुव्सनदोर्ज पूर्वी बस चालवायचा.
आता घोड्याच्या केसांचा दोर घेऊन खाली उभा राहतो,
दोराला अकरा गाठी, गाठीगाठीला एक मूल.
थांबा आले की अजून नावं पुकारतो,
जुन्या मार्गावरची.
भटकी कुत्री गुरगुरली तर नुसता वाकतो,
दगड उचलल्यासारखा.
दगड नसतोच. कुत्र्यांना वाकणं पुरतं.

नर्स एक, शाळा तीन.
ती गुरुवारी येते,
म्हणजे ज्याला दम लागायचा त्यानं गुरुवारी लागवून घ्यावा.
म्हणून तिनं मला श्वास मोजायला शिकवलं:
स्वेटर वर कर, पोटाकडे बघ, घड्याळाकडे बघ,
पूर्ण एक मिनिट, मध्ये गप्पा नाहीत.
तिशीच्या पुढे गेला की फोन कर.
या महिन्यात मी सहा वेळा फोन केला.
पाच वेळा मूल धावत आलेलं होतं.
सहाव्या वेळी धावत आलेलं नव्हतं.
ती आता बरी आहे. तिची वही माझ्याकडे राहिली आहे.

तिनंच एकदा विचारलं होतं,
बाई, शेगडीचा धूर वाईट ना?
मग शेगडीची राख चांगली कशी?
मी म्हटलं, पाय पूस आधी.
माझ्याही घरी शेगडी आहे.
रात्री उणे तीस असतं,
आणि माझा नातू त्याच धुरात झोपतो,
त्याच राखेवरून चालत इथे येतो.
याहून पुढचं उत्तर मला येत नाही.

काल मात्र पाहिलं:
कुंपणाच्या कडेची वीतभर पट्टी
कुणीतरी झाडून काढली होती. राखेचा कणही नाही.
बर्फ घासून घासून काचेसारखा,
आणि त्यावर दप्तरांचे ओरखडे.
लांबून सोदबिलेग माझ्याकडे बघत होता,
मनगट पाठीमागे लपवून,
जणू जुना मोड अजून दिसतो आहे.

मी घमेलं उचललं. राख भरली.
तिथपर्यंत गेले, उभी राहिले.
परत आले, कोठीतली फाटकी गादी काढली,
आणि पट्टी जिथे संपते
त्या कुंपणाच्या फळ्यांना
सुंभानं घट्ट बांधून आले.