अर्धा सेकंद

माहितीपत्रकात : पाच पूर्णांक नऊ.
धावपट्टीवर सहा-चार. पुन्हा सहा-चार.
उलट फिरून, वारा पाठीशी घेऊन, सहा-दोन.

ल्यूनेबुर्गजवळच्या या बंद विमानतळावर
आता फक्त ससे उतरतात.
विबके वही गुडघ्यावर धरून बसलीय.

हेनिंग म्हणतो, कंपनी खोटं बोलत नाही गं.
त्यांचा चालक साठ किलोंचा,
टाकीत तळाला पेट्रोल, टायर तापवून घेतलेले,
आणि घड्याळ सुरू होतं
गाडी फूटभर सरकल्यावर.

"आणि तू?"
"चौऱ्याण्णव. न्याहारी धरून.
डिक्कीत सासूबाईंचं शिलाई मशीन,
पोचवायचं राहिलंय."

विबके हसत नाही.
ती बघतेय ते फूटभर डांबर,
कुणाच्याच हिशेबात नसलेलं :
क्लच सुटतो, चाकं फरफटतात,
सगळं वजन मागे रेलतं,
जाऊ की नको, जाऊ की नको.
ब्रेमेनहून आलेलं नेमणुकीचं पत्र
तिच्या जाकिटाच्या खिशात
आठ दिवस तिथंच उभं आहे,
इंजिन चालू.

"अजून एकदा?" हेनिंग काच खाली करतो.
"नको."

ती सहा-चार लिहिते. पाच-नऊच्या बाजूला
खेटून, खाडाखोड न करता.
आणि खाली, बारीक अक्षरात :
शिलाई मशीनसकट.