तिसऱ्या बाकावरचं खाकरणं

मुरारच्या मराठी उपासनेला आता अकरा माणसं उरलीत, सिलास.
त्यातली दोन नातवंडं,
गजकच्या आशेने आलेली.
दहाला हिंदीवाले दाराशी चपला वाजवतात,
म्हणून उपदेश वीस मिनिटांत उरकतो.

पूर्वी उरकत नसे.
वधस्तंभापासून निघून मी थाटीपूरच्या पाणीटंचाईपर्यंत भटकून यायचो,
आणि प्रार्थनेने उठलेला कुणी आजारी
माझ्या तोंडी जरा जास्तच आजारी होऊ लागला
की तिसऱ्या बाकावरून तू खाकरायचास.
एकदाच. कोरडं.
बायकांना वाटे, ग्वाल्हेरची थंडी.
मी मुकाट्याने त्या माणसाचा ताप
एकशे दोनवर आणायचो.

मग तो डिसेंबर.
छपराच्या फंडातले चौदाशे मी रूथच्या फीसाठी उचलले.
वही तुझ्याकडे होती.
तू कमिटीकडे गेला नाहीस.
रात्री साडेनऊला, धुक्यात, सायकल भिंतीला टेकवून
दारात उभा राहिलास, कानटोपी काढलीस
(एवढ्या गारठ्यात कानटोपी!)
"पाद्रीसाहेब, रविवारपर्यंत तुम्ही सांगा.
नाहीतर सोमवारी मी सांगेन.
बसेन मात्र तुमच्याच शेजारी, काहीही झालं तरी."
मग चहा मागितलास. साखर कमी.

त्या रात्री मी तुला शाप दिला, तुला माहीत नाही.
असेलही.

रविवारी बसलास शेजारी.
माझा आवाज फुटेना तेव्हा पाण्याचा पेला सरकवलास,
माझ्या वतीने एक शब्द बोलला नाहीस,
आणि मी तर डोळ्यांनी तोच मागत होतो.
पुढे पाच महिने, दर एक तारखेला,
दोनशे ऐंशी रुपये मोजून घेतलेस
आणि पावती दिलीस.
मला. पावती.

मैत्रीवर मी पुष्कळ बोललोय व्यासपीठावरून,
दावीद, योनाथान, धनुष्यबाण, सगळं.
त्यांच्यात पावतीपुस्तक नव्हतं.

आता तुझ्या गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल.
इस्पितळातून आल्यावरही बाक तोच,
खाकरणं तेवढं गेलं.
आज मी सांगत होतो एका विधवेचं,
तिच्या डब्यातलं पीठ माझ्या तोंडी भराभर संपत चाललेलं,
आणि तुझ्याकडे पाहिलं.
तू चष्मा पुसत होतास.
थांबलो.
म्हटलं, "पीठ होतं. दोन दिवसांचं तरी असावं."

बाहेर चपला वाजल्या.
तू बोटांनी गीताचा क्रमांक दाखवलास,
दोन, एक,
आणि शून्यासाठी मूठ.