शेपटाचा तुकडा

सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत
मी मीठ वाळवते.
जेवणातलं नाही, सोडियम आयोडाइड.
हवेतलं पाणी असं ओढतं
की झाकण उघडं राहिलं तर तासाभरात चिखल.
म्हणून मे महिना आम्हाला मानवतो.
अख्खं नागपूर कूलरच्या टाक्या भरत असतं
आणि मी मनात म्हणते, तापू दे अजून.

नळीवरून एक तापलेलं कडं सरकतं,
तासाला दोन बोटं.
त्याच्याखाली मीठ वितळतं, मागे पुन्हा गोठतं,
आणि जे मिठाचं नाही
ते वितळलेल्या पट्ट्यासोबत पुढे पुढे जातं,
शेपटाकडे.
पोटॅशियम मुख्य.
ते माझ्या बोटांच्या घामात आहे,
डब्यातल्या केळ्यात, टेबलावरच्या संत्र्यात.
आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या कोराडीच्या राखेत
थोरियम.
चाळीस फेऱ्या. मग शेपूट कापायचं.

महालातला छापखाना मोडला तेव्हा
हातवारकाका न सांगता आले,
पोत्यात चौदा किलो खिळे.
"जुनं शिसं लागते म्हणे तुमाले.
हे माह्या आजोबाच्या वक्ताचं हाये."
आठवडाभर मोजलं.
शिशातला आवाज बावीस वर्षांत अर्धा होतो,
पुढच्या बावीसात अर्ध्याचा अर्धा;
पण शंभर वर्षं लग्नपत्रिका छापून,
निधनवार्ता, म्युनिसिपालटीच्या नोटिसा छापून
ते पुरेसं गप्प झालं नव्हतं.
सांगताना मी वहीत बघत होते.
काका म्हणाले, "बोलनारच ना.
जल्मभर तेच काम केलं त्यानं."
एक ळ ठेवून घेतला मी. उलटा.

ज्याच्यासाठी हे चाललंय
ते आत्ताही इथून जात असेल,
अंबाझरीच्या पाण्यातून, भिंतीतून, माझ्यातून,
कशालाही न लागता.
आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात
त्या वेगानं त्या विस्कटायला हव्या होत्या,
विस्कटत नाहीत, कोणीतरी धरून ठेवलंय.
त्यानं वर्षात एकदा एखाद्या अणूला
कोपर मारलं, तर उजेडाचा एक ठिपका.
तोही खरंच त्याचा, की केळ्याचा?

आई फोनवर विचारते, "सापडलं का काई?"
नाही.
"मंग इतके वर्षं काय करून राहिली तू?"
काही नाही, म्हणते मी,
आणि ते खरंच उत्तर असतं.

परवा स्फटिक मँगनीजच्या खाणीत उतरला,
तांब्याच्या डब्यात, नायट्रोजनमध्ये.
मला वरच थांबायला सांगितलं.
बरोबर आहे. माझ्या अंगात
दर सेकंदाला चारेक हजार वेळा काहीतरी फुटतं.
मी जवळ असले की त्याला दुसरं ऐकू येणार नाही.
निमजे खालून वर आला, हेल्मेट काढलं,
म्हणाला, मागच्यापेक्षा निम्मं.
निम्मं म्हणजे अजून खूप.

शेपटाचे तुकडे मी फेकत नाही.
फडताळात बरण्या आहेत, तारखा लिहिलेल्या,
आतलं मीठ पिवळं पडत चाललेलं.
एका रात्री त्यातली एक
जर्मेनियमच्या डोळ्याखाली ठेवून घरी गेले.
सकाळी पडद्यावर, चौदाशे साठपाशी,
एक टेकडी उभी होती.
सीताबर्डीपेक्षा बारीक. पण टेकडीच.
मी ती वहीत उतरवली
आणि पुन्हा हात धुवायला गेले.