बारा धागे

एप्रिलपासून एकच यादी लिहून राहिलो मी
वहीच्या मागच्या पानावर. खोडतो, परत लिहितो.
लाल कंपनीचा सहा कोरवाला,
निळ्या कंपनीचा दहावाला,
आणि मधे एक आठवाला, जो परवडत नाही
म्हणून सगळ्यात जास्त वेळ त्याच्याचपाशी जातो.

डब्यात एकोणसाठ हजार चारशे.
तीन उन्हाळे कूलरच्या ताट्या बदलल्या
प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, पार मनीषनगरपर्यंत.
खसाचा भुसा बनियनमध्ये, कानात,
आणि दर दारात तोच प्रश्न,
"दीडशे? मागच्या साली तर शंभर होते."
त्या वरच्या पन्नासांचाच
हा प्रोसेसर होणार आहे.

बर्डीवर, दोन जिने चढून,
गिरीपुंजे काउंटरवर कोपर टेकतात.
"गेम खेळाचे का व्हिडिओ बनवाचे?"
गेम.
"मंग आठ कोरचं काय लोणचं घालतं?
थो पैसा ग्राफिक कार्डात टाक."
काचेखालून डबी काढतात,
संत्राबर्फीच्या डब्याच्या अर्धीही नाही.
मी म्हणतो, विचार करतो.
"कर. मागच्या महिन्यातही तेच करून राहिला होता."

रात्री गच्चीवर चार बादल्या पाणी,
आधी वाफ, मग गाद्या.
मोबाइलच्या उजेडात मी तक्ते बघतो:
कुठल्या गेमात कोण किती फ्रेम देतो,
एकशे बेचाळीस की एकशे एकोणपन्नास,
जणू त्या सात फ्रेमांत माझं काही अडलंय.

"काय आहे थे?" बाबा कूस बदलतात.
सांगतो. सहा कोर, बारा थ्रेड.
"थ्रेड म्हणजे?"
धागे.
बाबा उठून बसतात.
"बाराच?"

गोळीबार चौकामागं आबाजींचा माग होता.
ताण्यात अडीच हजार धागे,
एक तुटला तर लाइट गेलेली असतानाही
बोटानं शोधून गाठ मारत.
मी बघितला नाही तो माग. फक्त त्याचा खड्डा,
ज्यात आता आमची पाण्याची टाकी आहे.

बाबा, हे धागे तसले नाहीत. हे म्हणजे,
एक कोर असतो, तो एका वेळी दोन कामं,
म्हणजे खरं तर एकच, पण मधला रिकामा वेळ...
"म्हणजे एक माणूस दोन माग चालवते.
इकडची कांडी भरेपर्यंत तिकडचं हाणते."

मी मोबाइल उलटा ठेवला.
इतक्या व्हिडिओंत इतकं सरळ
कोणीच सांगितलं नव्हतं.

"अन् तापते किती?"
नव्वदपर्यंत सोसतो.
"अन् तुही खोली?"
पत्र्याखाली, मे महिन्यात, दुपारी तीनला?
ते मी कुठल्याच तक्त्यात शोधलं नव्हतं.
"मंग कमी तापणारा घे न बे," म्हणाले
आणि घोरायलाही लागले.

सहावाला घेतला. पासष्ट वॅट.
तळाला तेराशेच्या वर सोनेरी काटे,
एका कोपऱ्यावर इवला त्रिकोण,
तो बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळला
की जोर लावायचा नाही, नुसता सोडायचा.
मी सोडला. माझ्या घामाचा थेंब
एका बोटावर हुकला.
खटका दाबला तेव्हा आठवाल्याची आठवण आली,
नाही म्हणत नाही.

पहिल्या रात्री खोली एकोणचाळीस, तो एकाहत्तर.
माझी गाडी बर्फातल्या घाटात घसरत होती.
बाबा गाडीकडे बघतच नव्हते,
बाजूच्या काचेतून पंख्याकडे बघत होते,
हात लावून वारा कुठून निघतो ते पाहत.

"याले ताटी नाही लागत?"
नाही.
"पाणी?"
नाही बाबा.
जरा वेळ थांबले.
"मंग असे कूलर घरोघरी आले
त तुहं कसं व्हाचं?"