सार्डिनच्या डब्यासाठी लाल

मातोझिन्योशच्या धक्क्यामागे, मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात
वरच्या मजल्यावर माझं टेबल.
सोमवारी नवं लेबल हवंय, टोमॅटोतल्या सार्डिनसाठी,
आणि पडद्यावर रंगांच्या चार खिडक्या उघड्या.

पहिली उतावळी.
स्पेसबार दाबला की पाच रंग, पुन्हा दाबला की दुसरे पाच,
पत्ते पिसणाऱ्याचा हात जसा थांबतच नाही.
आवडलेल्या रंगाला कुलूप लावता येतं.
मी डाळिंबीला लावलं, बाकीचे चार
तासभर पाहुण्यांसारखे येत-जात राहिले.

दुसरीला फोटो लागतो.
पहाटे लिलावातून उचललेली सार्डिन दिली तिला,
ओली, बर्फावर, पाठीवर निळी झाक.
तिनं मोजून सांगितलं:
करडा, करडा, जरा कमी करडा,
बर्फाचा पांढरा,
आणि कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा गुलाबी.
निळा कुठे गेला?
सरासरीत.

तिसरीकडे चाक आहे.
लालाला बोट लावलं की समोरचा हिरवा हजर.
भांडण लावून देणाऱ्या शेजारणीसारखी
दोघांना नेमकी समोरासमोर बसवते.
मला पटलं.
टोमॅटो आणि त्याचा देठ, आणखी काय हवं?

प्रिंट घेऊन खाली गेले.
आबीलिउ नोगैरा एकेचाळीस वर्षं इथली शाई घोटतोय,
काचेवर सुरी, सुरीवर लाल,
शेजारी ग्रॅमचा तराजू.
त्यानं कागद दूर धरला, मग जवळ.
"छान आहे. एकाच रंगात कसं काय भागवलंस?"

मी हसले.
तो हसला नाही.

वर आले. चौथी खिडकी, जिला मी सगळ्यांत कंटाळवाणी म्हणायचे:
नुसते आकडे काढते,
अमुक अक्षर तमुक रंगावर वाचता येईल की नाही,
आणि तळाशी एक बारीक बटण, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघा.
दाबलं.
टोमॅटो गेला. देठ गेला.
ओल्या पोत्याचा एकच रंग उरला, इकडे तिकडे सारखा.

म्हणजे एकेचाळीस वर्षं
आमच्या प्रत्येक डब्यावरचा लाल
एका माणसानं न दिसता बनवला.
वजनावर, चिकटपणावर,
सुरीच्या पात्यावरून तो किती सावकाश उतरतो त्यावर.
आणि रंग चुकला म्हणून
एकही खोका परत आला नाही.

संध्याकाळी विचारलं, इतकी वर्षं बोलला कसा नाहीस?
"कुणी विचारलं कुठे?" म्हणाला,
आणि हात पुसता पुसता:
"निळा मात्र मला तुम्हा सगळ्यांपेक्षा नीट दिसतो.
तुझ्या माशात निळा नाहीये, बाई."

तीन खिडक्या मिटल्या. चौथी राहू दिली.
लालाचे ग्रॅम त्याच्यावर सोपवले.
आता आठ वाजलेत, कारखाना रिकामा,
तो सुरीच्या टोकावर चिमूटभर निळा घेऊन उभा आहे
आणि ओरडतोय,
तो पडद्याचा उजेड बंद कर आधी,
मला मासा बघू दे.