लोखंड चालत नाही

दस्तगीर मुजावर पहिल्याच दिवशी एवढंच म्हणाला,
"भावा, आत लोखंड चालत नाही.
एक स्क्रू नाही, एक टाचणी नाही."
आणि मी उद्यमनगरातला टर्नर.
नखांत लोखंड, चहाच्या कपावर लोखंड,
आंघोळ करून झोपलो तरी उशीवर करडा डाग.

तीन फुटांची काच.
तिच्या खाली दुसरी टाकी, तिला तो संप म्हणतो.
आमच्याकडं संप वेगळा असतो, मी म्हणालो. तो हसला नाही.
पाणी वर चढवणारा पंप.
लाटेचं सोंग आणणारा पंखा.
हीटर, कारण जानेवारीत इथं पहाटे दात वाजतात.
वरून वारा घालायला दोन पंखे, कारण एप्रिल.
बॅटरी, कारण सोमवार.
आणि स्किमर, एक उभं नळकांडं,
पाणी घुसळून त्यातली घाण फेसात वर आणणारं.

वैजयंतानं बेरीज ऐकली.
"एवढ्यात म्हैस आली असती," म्हणाली,
"आणि फेस तर तिच्या दुधालाबी येतो."

नळाचं पाणी तसंच ओतायचं नाही.
आधी आरओतून काढायचं,
क्लोरीन, क्षार, गावाची चव, सगळं जाईस्तोवर,
मीटरवर शून्य येईस्तोवर.
मग त्या शून्यात मीठ.
लिटरला पस्तीस ग्रॅम, बादलीत भरून विकत येणारं.
जिन्यातून अक्काताई चौगुले डोकावल्या:
"चांगलं पाणी मुद्दाम खारट करालाय व्हय?"
संध्याकाळी त्याच येऊन टाकीवरून मीठ-मोहरी उतरून गेल्या.

रिफ्रॅक्टोमीटर मात्र मला लगेच कळला.
काचेवर एक थेंब, डोळा, निळ्याची कड.
एक पॉइंट शून्य दोन पाच.
आमच्यातही असंच, म्हणालो,
दोन मायक्रॉन चुकले की जॉब परत येतो.
"इथं," दस्तगीर म्हणाला, "परत येत नाही."

वीस वर्षं मी बोटींचे शाफ्ट कातले.
कुठं फिरतात ते पाहिलं नव्हतं.
परवाच्या दिवाळीआधी टेम्पो बंद पडला,
म्हणून माल घेऊन मीच आंबा घाट उतरलो.
मिरकरवाड्याच्या धक्क्यावर
एकानं माझा शाफ्ट दोरीनं ओढत नेला,
बिल पाहिलं नाही, फिनिश पाहिला नाही.
मी ओठावरून जीभ फिरवली.
घरी आल्यावर कुणाला काय सांगणार?

आता काहीच करायचं नाही. सहा आठवडे.
वाळू, भोकाभोकाचे दगड, पाणी, आवाज.
वैजयंतानं कालवणातली एक कोळंबी काढून दिली,
ती आत सडू द्यायची. तिनं कपाळावर हात मारला.
वर्कशॉपातली पोरं येऊन बघतात, मासे शोधतात,
टाकीमागं वाकून शोधतात.

रोज रात्री दोन नळ्या, मोजून थेंब.
एक हिरवी झाली, करवंदाच्या पाल्यासारखी.
मग दुसरीत गुलाल,
जोतिबाच्या पायरीवरचा, हटता हटेना.
पाणी आटतं, म्हणून मी मिठाचं पाणी ओतायला गेलो,
दस्तगीर फोनवरच ओरडला:
"उडतं ते नुसतं पाणी! मीठ कुठं जात नाही. गोडं घाल!"
ते मी खडूनं भिंतीवर लिहून ठेवलंय.

काल पहिली नळी हळदीसारखी पिवळी.
दुसरी निळी, स्वच्छ आभाळासारखी.
मी दिवा लावून बराच वेळ बसलो.
मग खाली नजर गेली.
स्टँड माझ्या हातचा, अँगलचा,
तीन हात रंग देऊन आणलेला.
मागच्या डाव्या पायाला, वेल्डिंगजवळ,
तांदळाएवढा तांबूस गंज.
बोट लावलं. जिभेला लावलं.

वैजयंताला हाक मारून दाखवला.
ती म्हणाली, मासे येऊ देत तरी.

शुक्रवारी येणार आहेत, दोन.
त्याआधी पॉलिश पेपर आणायचाय,
पाव लिटर रेड ऑक्साईड,
आणि एक बारका ब्रश.